सुई सरकली आणि डिझाइन बदललं

लाकडावर कॉलेजचं नाव कोरलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आठवड्याभराने त्याच होममेड सीएनसीवर ॲल्युमिनियमची पट्टी लावली आणि पहिल्याच कटला असा काही किंचाळण्याचा आवाज आला की शेजारच्या लॅबमधले सर धावत आले. 6 मिमीचं एंडमिल तुटून भिंतीवर आपटलं. गॉगल होते म्हणून बरं!

खापर आधी मोटरवर फोडलं, मग सॉफ्टवेअरवर. मोठ्या स्टेपर मोटर घ्यायला वर्गणी काढतच होतो, तेवढ्यात वर्कशॉपच्या काकांनी विचारलं, "हाताने ढकलून बघितलंत का रे मशीन?"

स्पिंडलला ताणकाटा अडकवून 10 किलोनं ओढलं, समोर डायल गेज. सुई 0.45 मिमी सरकली. आता हिशेब बघा. ॲल्युमिनियममध्ये या टूलचा एक दात साधारण 0.03 ते 0.05 मिमीची चिप काढतो. कटिंगचा जोर अगदी निम्मा धरला तरी मशीन चिपच्या चार-पाच पट वाकणार. मग टूल आधी नुसतं घासतं, तापतं आणि एकदम घुसतं. तो आवाज म्हणजे चॅटर. मोटर कितीही मोठी लावा, त्याला फरक पडत नाही.

स्टील ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट ताठ, हे सेकंड इयरला पाठ केलेलंच. पण खरा खेळ आकाराचा आहे. बीमची उंची दुप्पट केली की वाकणं आठपटीने घटतं. लांबी निम्मी केली तरी तेवढंच. आमची गॅन्ट्री 600 मिमीची होती. कशासाठी? जॉब तर तळहाताएवढे! नवी 300 ची ठरली.

शिवाय स्पिंडल गॅन्ट्रीच्या पुढे लोंबतो, त्यामुळे ती नुसती वाकत नाही, पिळली जाते. बुटाचा खोका झाकण काढून पिळून बघा, मग झाकण चारही बाजूंनी टेपने चिकटवून पिळा. फरक हातालाच कळतो. म्हणून उघड्या चॅनलऐवजी 100 बाय 100 चा, 6 मिमी जाडीचा स्टीलचा चौकोनी पाइप घेतला, तोही भंगारातून, किलोच्या भावाने. गॅन्ट्री बेसला पक्की बोल्ट केली आणि टेबल सरकतं ठेवलं. मग गॅन्ट्री कितीही जड झाली तरी मोटरला ती ओढायची नाही. पाइपच्या पोटात इपॉक्सी आणि ग्रॅनाइटची खडी भरली. त्याने कंपनं जिरतात. गोल रॉड काढून 20 मिमीचे लिनिअर गाइड लावले.

इथे एक चूक मात्र महागात पडली. वेल्डिंगनंतर पाइप किंचित वाकला होता आणि आम्ही गाइड तसेच कसले. टेबल मध्येच जाम. सगळं पुन्हा खोलून, रेल बसते ती बाजू एमआयडीसीत सरफेस ग्राइंडिंगला दिली. संपूर्ण प्रोजेक्टमधला सर्वात जड खर्च तोच, आणि तो आम्ही बजेटमध्ये धरलाच नव्हता.

परत ताणकाटा, परत 10 किलो. सुई 0.04 वर थांबली. ॲल्युमिनियम आता शांतपणे कापतं, चिपा उडतात. स्टीलला अजून हात लावलेला नाही. झेड ॲक्सिसची प्लेट 12 मिमीची आहे आणि उरलेली सुई बहुतेक तिथूनच हलतेय. परीक्षा झाली की 20 ची टाकायची आहे.