जुन्या जीपच्या चाकाचा स्टड

घोड नदीकाठच्या शिरूरपासून भीमेकाठच्या दौंडपर्यंतचा प्रदेश उसाच्या शेतांचा, कालव्यांलगतच्या मुरमाड रस्त्यांचा आणि पावसाळ्यात चाकाला लिंपून बसणाऱ्या काळ्या मातीचा असल्यामुळे, डांबरी रस्त्यासाठी घडवलेल्या मोटारीपेक्षा उंच बांध्याच्या जीपला येथे दीर्घकाळ अधिक मागणी राहिली. स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या वर्षांत महिंद्र कंपनीने अमेरिकेतील विलिस कंपनीच्या परवान्याने जीपची जुळणी सुरू केली, आणि त्या घराण्यातील सीजे-३बी व पुढची एमएम-५४० या गाड्या शेतमालासाठी, मजुरांसाठी आणि वडापसाठी, म्हणजे ठरावीक मार्गावर प्रवासी भरून धावणाऱ्या खासगी वाहतुकीसाठी, ग्रामीण महाराष्ट्रात सर्रास वापरल्या गेल्या. त्यांपैकी ज्या अजून चालत्या आहेत त्यांच्या इंजिनाची आणि गिअरबॉक्सची चर्चा पुष्कळ होते. मात्र चाकाला गाडीशी बांधून ठेवणाऱ्या पाच स्टडांकडे लक्ष जाते ते त्यांतला एखादा तुटल्यावरच.

स्टड म्हणजे हबमध्ये, अर्थात बेअरिंगवर फिरणाऱ्या चाकाच्या मध्यभागात, कायमचा दाबून बसवलेला आणि बाहेरच्या टोकाला आटे असलेला पोलादी दांडा. विलिस पद्धतीच्या जीपला प्रत्येक चाकामागे असे पाच स्टड असतात. ते साडेपाच इंच व्यासाच्या वर्तुळावर बसवलेले असून प्रत्येकाची जाडी अर्धा इंच आणि आटे इंचाला वीस असतात. गाडीचे वजन हे दांडे खुंटीप्रमाणे पेलतात, असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो, त्या ताणामुळे डिस्क, म्हणजे चाकाची लोखंडी तबकडी, ब्रेकच्या ड्रमवर घट्ट दाबली जाते, आणि दोन पृष्ठभागांमधील घर्षणच वजन, ब्रेक व खड्ड्यांचे धक्के पेलते. अर्धा इंची स्टडवरील नट सुमारे १०० न्यूटन-मीटर पिळाने आवळला, तर त्यात जवळजवळ चार टनांचा ताण निर्माण होतो, आणि तरीही स्टडची लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या चार-पाच पटीच वाढते.

एवढ्याशा लांबीवर सारा डोलारा उभा असल्यामुळे तुटण्याची बहुतेक कारणे तिच्यातच सापडतात. डिस्क आणि ड्रम यांच्यामध्ये वाळलेल्या चिखलाचा, गंजाच्या पापुद्र्याचा किंवा हौसेने मारलेल्या जाड रंगाचा थर राहिला, तर काही किलोमीटरांत तो दबून झिजतो आणि स्टडमधील ताण जवळजवळ नाहीसा होतो. नट हाताला घट्ट लागत असला तरी डिस्क ड्रमवर सूक्ष्मपणे सरकू लागते आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यागणिक स्टड एकदा इकडे, एकदा तिकडे वाकतो. अशा वाकण्याने आट्याच्या खाचेत बारीक चीर पडते, ती हळूहळू आत सरकते आणि अखेरीस उरलेला भाग एका झटक्यात तुटतो. तुटलेल्या तोंडावर एका बाजूला गुळगुळीत लहरींच्या रेषा आणि दुसऱ्या बाजूला खरबरीत दाणेदार भाग दिसला, तर तो थकव्याने तुटला असे खुशाल समजावे. याच्या उलट, पान्याला मीटरभर लांबीचा पाइप अडकवून त्यावर ६० किलो वजनाचा माणूस उभा राहिला, तर पीळ ६०० न्यूटन-मीटरच्या आसपास जातो. तेवढ्याने स्टड पुन्हा मूळ लांबीवर येऊ शकणार नाही इतका ताणला जातो किंवा जागेवरच पिळवटून तुटतो. ‘घट्ट म्हणजे सुरक्षित’ ही समजूत पंक्चरच्या दुकानात जितकी पक्की आहे, तितकीच ती महागात पडणारी आहे.

जुन्या जीपमध्ये याखेरीज एक खास सापळा आहे. चाक फिरताना नट आपोआप ढिले पडू नयेत या हेतूने विलिसच्या जीपला डाव्या बाजूच्या चाकांवर उलटे आटे दिलेले असत, म्हणजे तेथील नट उजवीकडे फिरवल्यास सुटतात. स्टडच्या टोकावर कोरलेले इंग्रजी ‘एल’ अक्षर त्याचीच खूण असते, पण ते गंजाखाली लपलेले असले की नट जाम झाला असे समजून त्यावर पाइप चढवला जातो, आणि ज्याला सोडवायचे त्यालाच तुटेपर्यंत आवळले जाते.

बदलण्याचे काम वरवर सोपे, प्रत्यक्षात संयमाचे. सीजे-३बीच्या मागील चाकाचा हब निमुळत्या ॲक्सलवर चावी घालून घट्ट बसवलेला असल्याने तो काढायला पुलर, म्हणजे ओढून काढणारे साधन, लागते. घणाने ठोकल्यास धक्का थेट बेअरिंगला बसतो. काही जुन्या जीपवर स्टडची मान रिव्हेटसारखी पसरवून हब आणि ड्रम एकत्र जखडलेले असतात. ती पसरलेली कड आधी कापून काढल्याशिवाय स्टड प्रेसने दाबून काढला, तर हबचे भोक मोठे होते आणि नवा स्टड त्यात कधीच पक्का बसत नाही. एक स्टड तुटला की त्याच्या वाट्याचा भार शेजारच्यांनी वाहिलेला असतो आणि त्यांच्यातही चिरा पडलेल्या असू शकतात. म्हणून एकच बदलून गाडी रस्त्यावर काढणे ही काटकसर नव्हे, त्या चाकाचे पाचही बदलणे इष्ट.

नवा स्टड कोठून आणावा, हा प्रश्न गाडी जितकी जुनी तितका अडचणीचा होतो, आणि मग लेथवर तो घडवून घेण्याचा मोह पडतो. साधे मवाळ पोलाद, ज्याला कारखान्यात एमएस म्हणतात, सुमारे २५० मेगापास्कल ताणाला कायमचे लांबते, तर वर सांगितलेल्या योग्य आवळणीतच अर्धा इंची स्टडमध्ये ३८० च्या आसपास ताण येतो; अर्थात एमएसचा स्टड पहिल्या दिवशीच हरलेला असतो. ८.८ प्रतीचे पोलाद ६४० पर्यंत टिकते. शिवाय कारखान्यात आटे दाबून उमटवलेले असतात, लेथवर ते कापले जातात, आणि कापलेल्या खाचेतून चीर लवकर सुरू होते. बारा मिलिमीटरचा मेट्रिक स्टड बसवून त्यावर जुनाच अर्धा इंची नट चढवणे तर सर्वांत घातक, कारण सव्वा मिलिमीटर अंतराचे आटे इंची आट्यांशी इतके जुळते असतात की नट सहज चढतो, आवळल्यासारखाही वाटतो, पण आट्यांची पकड निम्म्याहून कमी असते.

जीपचे सुटे भाग जोडून नवे काही उभारण्याची परंपरा शिरूर तालुक्यात आहे. पाबळच्या विज्ञान आश्रमात, ज्याची स्थापना डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये केली, जुन्या जीपचे भाग वापरून ‘मेकबुल’ नावाचा छोटा ट्रॅक्टर बनवण्यात आला. ग्रामीण मुलांनी हाताने काम करत विज्ञान शिकावे, या कलबागांच्या विचारात तो चपखल बसणारा होता. जुना भाग पुन्हा वापरण्यात कमीपणा काहीच नाही. त्याच्यावर किती ताण येणार हे मोजले गेले आहे की नाही, एवढाच प्रश्न असतो.

बसवणीनंतर नट एकाआड एक, ताऱ्याच्या क्रमाने, कोरड्या आट्यांवर आवळले जातात, कारण तेल लावलेल्या आट्यांवर तोच पीळ कितीतरी अधिक ताण निर्माण करतो. नवे पृष्ठभाग एकमेकांत बसेपर्यंत ताण थोडा उतरतोच. म्हणून ५० ते १०० किलोमीटरांनंतर, शिरूरहून न्हावरेमार्गे चौफुल्याला एकदा जाऊन आल्यावर म्हणा, पाइप न लावलेल्या पान्याने पाचही नट पुन्हा तपासले जातात.