‘एलिगन्स’ आणि सुपांतला घेवडा

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या कोरेगांवच्या घरीं पुतणीच्या लग्नाची खरेदी चालली होती. दुकानांतून येणाऱ्या प्रत्येक साडीबरोबर ‘एलिगंट’ हा शब्द घरांत शिरे. मुलीचा हट्ट मात्र सीमांतपूजनाला आईची जुनी इरकल नेसण्याचा. आणि ‘लोक काय म्हणतील’ म्हणून वहिनींचा त्यास विरोध. ओसरीवर वाघ्या घेवडा निवडीत बसल्या असतां त्यांनीं मला विचारलें, “भावोजी, ह्या शब्दाला आपल्यांत कांहीं शब्द आहे कीं नाहीं?”

प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हे. ‘नजाकत’ ही ‘नाजुक’ ह्या फारशी शब्दाच्या घराण्यांतली. तींत कोमलता अधिक. ‘लालित्य’ हें ‘लल्’ म्हणजे क्रीडा करणें ह्या धातूपासून झालेलें. तें काव्यांतच शोभतें. ‘दिमाख’ मूळचा अरबी, आणि तिकडे त्याचा अर्थ मेंदू! आपल्याकडे येऊन तो मिरवूं लागला. ‘नेटका’ त्यांतल्या त्यांत जवळचा. तो इंग्रजी ‘नीट’वरून आला अशी कित्येकांची समजूत असते, परंतु इ. स. १६८२ मध्यें सज्जनगडावर देह ठेवणाऱ्या समर्थांच्या रचनेंत तो आढळतो.

खरी मौज ‘एलिगन्स’च्या मुळांत आहे. लॅटिन ‘एलिगेरे’ म्हणजे वेचून काढणें. ह्याच कुळांतलें विशेषण आरंभीं चक्क दूषण होतें. केटोच्या काळीं खाण्यापिण्यांत व राहणीत फाजील चोखंदळ असणाऱ्या माणसाला तें लावीत, असें दुसऱ्या शतकांतील ऑलस गेलियस हा रोमन ग्रंथकार सांगतो. पुढें त्याच दोषाचा गुण झाला. आपला ‘वर’ शब्दही असाच: ‘वृ’ म्हणजे निवडणें, ‘वर’ म्हणजे निवडलेला, म्हणून श्रेष्ठ. (नवरदेवांच्या बाबतींत शेवटची पायरी दर वेळीं सिद्ध होतेच असें नाहीं!)

“म्हणजे निवडणेंच कीं!” वहिनी हंसून म्हणाल्या, “मग मी सकाळपासून दुसरें काय करतें आहें?”

सुपांत फिकट अंगावर तांबड्या रेघा असलेले टपोरे दाणे उरले होते. किडके, फुटके बाजूला पडले होते. कोरेगांवच्या ह्या घेवड्याला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे. पण सुपांतून त्याचीही सुटका नाहीं.

वहिनींनीं सूप खालीं ठेवलें, हात पदराला पुसले आणि कमरेची किल्ली काढून मुलीच्या हातीं दिली.

“खालच्या फळीवर आहे इरकल. घडी जपून उलगड, काठ विरला आहे थोडा.”