नील्सेन म्हणजे कोणाचा मुलगा?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आयोवा, नेब्रास्का, युटा या बाजूस नील्सेन, येन्सेन, हान्सेन अशीं आडनांवें लावणारीं पुष्कळ घराणीं आहेत. १८६० नंतर १९१४ पर्यंत सुमारें ३ लाख डॅनिश लोक देश सोडून गेले. त्यांतील बहुतेकांनीं अमेरिकेची वाट धरली. त्यांचीं नातवंडें-पणतवंडें कुळाचा शोध घ्यावयास निघालीं म्हणजे प्रथम आडनांव हातीं धरतात, आणि तेथेंच फसतात.

कारण नील्सेन हें मुळांत कुलनाम नव्हेच. ‘सेन’ म्हणजे मुलगा. नील्सचा मुलगा तो नील्सेन. पण येन्स नील्सेनचा मुलगा पेडर हा पेडर येन्सेन होई, आणि पेडरची बहीण कारेन ही कारेन येन्सदातर, म्हणजे येन्सची मुलगी. दर पिढीस शेवटचें नांव पालटे. महाराष्ट्रांतहि बापाचें नांव पिढीगणिक बदलतें. परंतु त्यापुढें आडनांवाची खुंटी असते. डॅनिश शेतकऱ्याजवळ बहुधा ती नव्हती. मुंबईंत १९३८ सालीं ‘लार्सन आणि टुब्रो’ ही कंपनी काढणाऱ्या दोघां डॅनिश एंजिनिअरांपैकीं होल्क-लार्सन यांच्या नांवाचें शेपूटहि ‘लार्सचा मुलगा’ एवढेंच सांगतें! त्यांतून पहिल्या मुलास आजोबाचें नांव ठेवण्याची चाल. त्यामुळें एकाच गांवांत एका वेळीं दोन-तीन येन्स नील्सेन असावयाचे.

सरदारघराण्यांना राजा पहिला फ्रेडरिक यानें १५२६ सालींच कायम कुलनाम घ्यावयास लावलें होतें. सामान्य रयतेची पाळी श्लेस्विग प्रांतांत १७७१ सालीं व उरलेल्या राज्यांत १८२८ सालीं आली. बाप्तिस्म्याच्या वेळींच मुलाला घराण्याचें नांव द्यावें, असा हुकूम निघाला. पण घराण्याचें नांव म्हणजे कोणतें? बापाचें, आजाचें, कीं शेतवाडीचें? १८५६ सालीं सरकारला पुन्हां कायदा करावा लागला. मधल्या गोंधळांत जें नांव दप्तरांत पडलें तेंच पुढें गोठलें. कोणा एका येन्सचें नांव असें अनंत काळासाठीं वंशाला चिकटलें. मुलींची गत तर विलक्षणच झाली. ‘येन्सदातर’ हळूहळू लोपली, आणि कारेनच्या भावाची मुलगी जन्मभर ‘येन्सचा मुलगा’ म्हणून वावरली.

तेव्हां शोध नांवाचा नव्हे, गांवाचा करावा लागतो. धर्मप्रांताचें पुस्तक हा त्याचा खरा आधार. १८१४ पासून ही नोंद दोन प्रतींत ठेवण्याचा नियम झाला. एक पाद्र्याजवळ, दुसरी त्याच्या कारकुनाजवळ, आणि दोन्ही प्रती एका छपराखालीं रात्रभर राहूं नयेत अशी ताकीद. आग लागून जुनीं पुस्तकें जळालीं होतीं. त्यावरून हें शहाणपण सुचलें. जन्म, विवाह, मृत्यु यांखेरीज गांवांत आलेल्या-गेलेल्यांच्या याद्याहि त्यांत बरींच वर्षें घालीत असत. १८४५ च्या खानेसुमारींत प्रत्येकाचें जन्मस्थान लिहिलेलें आहे. ज्याला पूर्वजाचें गांवच ठाऊक नाहीं, त्यानें कोपनहेगनच्या पोलिसांची वही पाहावी. १८६९ पासून १९४० पर्यंत जहाजकंपनीच्या एजंटाकडून परदेशाचें तिकीट घेणाऱ्यांचें नांव, वय, धंदा व शेवटचा मुक्काम तींत टिपलेला आहे.

पुष्कळ अमेरिकन कुटुंबांत अशी गोष्ट सांगतात कीं, एलिस बेटावरील अधिकाऱ्यानें आजोबाचें नांव बिघडविलें. हें खरें नव्हे. तेथील अधिकारी जहाजावर तयार झालेल्या यादीवरून लोकांना तपाशीत. ‘नील्सेन’चा ‘नेल्सन’ केला तो बहुधा त्या आजोबानेंच, शेजाऱ्यांना उच्चारावयास सोपें जावें म्हणून.

उत्तर श्लेस्विगच्या लोकांचा तिढा याहून अवघड आहे. १८६४ च्या युद्धानंतर तो मुलूख प्रशियाकडे गेला, तो १९२० च्या सार्वमतानें डेन्मार्कला परत मिळाला. मधल्या वर्षांत तेथून निघालेले पुष्कळ लोक हँबर्गहून जहाजावर चढले. घरांत डॅनिश बोलणाऱ्या या माणसांचा पत्ता कोपनहेगनच्या वहींत लागत नाहीं. तो हँबर्गच्या प्रवासी-याद्यांत शोधावा लागतो, आणि अमेरिकेच्या खानेसुमारींत त्यांच्या जन्मदेशापुढें ‘प्रशिया’ किंवा ‘जर्मनी’ असें लिहिलेलें सांपडतें.