अपंगता-भरपाई, माजी सैनिकांची : अमेरिकेतील अपीलपद्धती

सैनिकी सेवेत झालेल्या दुखापतीमुळे किंवा जडलेल्या रोगामुळे अपंगत्व आलेल्या माजी सैनिकास शासन दरमहा जी करमुक्त रक्कम देते, तीस अपंगता-भरपाई म्हणतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ती माजी सैनिक व्यवहार खात्यामार्फत दिली जाते व अपंगत्वाचे प्रमाण दहा-दहा टक्क्यांच्या टप्प्यांनी ठरविले जाते. दावा नामंजूर झाल्यास अपील करता येते. सदोष लष्करी वाहनाच्या अपघातात जायबंदी झालेल्या सैनिकास या अपिलाचे महत्त्व विशेष आहे. कारण भरपाईचे इतर मार्ग त्याला बहुतांशी बंद असतात.

असे अपघात क्वचित घडणारे नाहीत. काँग्रेसच्या हिशेबतपासणी कार्यालयाने २०२१ मध्ये दिलेल्या अहवालानुसार २०१० ते २०१९ या वित्तीय वर्षांत भूसेना व मरीन दल यांच्या वाहनांचे युद्धेतर अपघात ३,७५३ झाले व त्यांत १२३ सैनिक मृत्यू पावले. वाहन उलटण्याचे अपघात एकूण अपघातांच्या सुमारे चतुर्थांश असले, तरी ६३ टक्के मृत्यू त्यांतच ओढवले.

वाहनदोषामुळे जखमी झालेला नागरिक न्यायालयात नुकसानभरपाई मागू शकतो. सैनिकाची स्थिती निराळी आहे. रजेवर असताना लष्करी ट्रकची धडक बसलेल्या ब्रुक्स बंधूंच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९४९ मध्ये शासनाविरुद्धचा दावा ग्राह्य मानला. परंतु पुढील वर्षीच फेरिस खटल्यात सेवेच्या अनुषंगाने झालेल्या इजेबद्दल शासनावर दावा चालणार नाही, असा निर्णय दिला. उत्पादकाविरुद्धचा मार्ग १९८८ च्या बॉइल खटल्याने अरुंद केला. लष्करी सामग्रीचा आराखडा शासनाने नेमक्या तपशिलांसह संमत केलेला असेल, सामग्री त्याबरहुकूम बनविलेली असेल आणि ज्ञात धोके शासनापासून लपविलेले नसतील, तर आराखड्यातील दोषाबद्दल उत्पादक जबाबदार ठरत नाही. बांधणीतील चुकीबद्दल मात्र त्याच्यावर दावा लावता येतो.

अपंगता-भरपाईच्या कायद्यात दोष कोणाचा, हा मूळ प्रश्नच नाही. तेथे तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : सध्या अपंगत्व आहे, सेवाकाळात इजा वा रोग झाला आणि या दोहोंत कार्यकारणसंबंध आहे. त्यामुळे ब्रेक निकामी होते, हे सिद्ध करणारे कागद ढीगभर जोडले आणि आजची पाठदुखी त्या अपघातातूनच उद्‌भवली असे सांगणारे सकारण वैद्यकीय मत जोडले नाही, तर दावा टिकत नाही. वाहनदोषाचा पुरावा निर्णायक ठरतो तो एका प्रसंगी. इजा सैनिकाच्या स्वतःच्या हेतुपुरस्सर गैरवर्तनामुळे किंवा मद्य व मादक द्रव्यांच्या अतिरेकामुळे झाली असेल, तर भरपाई मिळत नाही. चालकावर बेदरकारपणाचा आरोप असल्यास अपघाताचे खरे कारण यांत्रिक बिघाड होते, हे वाहनाच्या तपासणी-अहवालावरून दाखविता येते. साधा नियमभंग अशा गैरवर्तनात मोडत नाही. रजेवरील अपघातही सामान्यतः सेवाकाळातीलच मानला जातो.

जुनी कागदपत्रे हा अनेक दाव्यांतील कच्चा दुवा होय. सेंट लूइस येथील अभिलेखागारास १९७३ मध्ये लागलेल्या आगीत १ कोटी ६० लाखांहून अधिक सैनिकांच्या नोंदी नष्ट झाल्या. अशा वेळी सहकाऱ्यांच्या जबान्या, घरी धाडलेली पत्रे यांचाही विचार होतो. अनुकूल व प्रतिकूल पुरावा जवळजवळ समतोल असेल, तर संशयाचा फायदा अर्जदारास द्यावा, असे कायद्यातच म्हटले आहे.

दीर्घकाळ या निर्णयांवर न्यायालयात दाद मागता येत नसे. १९३३ च्या कायद्याने तशी मनाईच केली होती. शिवाय लोभी मध्यस्थांपासून सैनिकांचे रक्षण व्हावे, या हेतूने १८६४ मध्ये वकिलाचे शुल्क एका दाव्यामागे दहा डॉलर इतके सीमित केले होते. ही रक्कम शतकाहून अधिक काळ तशीच राहिल्याने रक्षणाचे रूपांतर अडवणुकीत झाले. तरीही सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ती मर्यादा वैध ठरविली. १९८८ च्या कायद्याने अखेर दोन्ही बंधने उठवून माजी सैनिकांच्या अपिलांसाठी स्वतंत्र न्यायालय स्थापन केले.

१९ फेब्रुवारी २०१९ पासून अमलात आलेल्या पद्धतीप्रमाणे नकाराच्या पत्रापासून एका वर्षाच्या आत तीनपैकी एक मार्ग निवडावा लागतो. नवा व प्रस्तुत पुरावा हाती असल्यास पुरवणी दावा करतात. असलेल्या कागदपत्रांचा अर्थच चुकीचा लावला असे वाटल्यास वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी मागतात. तीत नवा पुरावा चालत नाही. तिसरा मार्ग अपील मंडळाचा. तेथे सुनावणीही मागता येते. अधिकृत संघटनांचे प्रतिनिधी या कामी विनामूल्य साहाय्य करतात. वर्षाची मुदत पाळल्यास मंजूर रक्कम सामान्यतः मूळ दाव्याच्या तारखेपासून मिळते. मुदत उलटल्यावरही पुरवणी दावा करता येतो, परंतु मधल्या काळाची थकबाकी सहसा बुडते. मंडळाच्या निर्णयावर १२० दिवसांत न्यायालयाकडे जाता येते आणि तेथून पुढे फेडरल अपील न्यायालयात मुख्यतः कायद्याच्या प्रश्नांवर दाद मागता येते. संशयाचा फायदा देण्याचा नियम मंडळाने नीट लावला की नाही, हे पाहताना माजी सैनिकांच्या न्यायालयाने केवळ स्पष्ट चुकीच्या बाबतीतच वस्तुस्थितीविषयक निष्कर्षांत हात घालावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ठरविले. त्यामुळे पुराव्याची लढाई मंडळापर्यंतच पुरी करणे अर्जदारास भाग पडते.