चंचल मूल आणि औषधाचा हिशेब

पगारपत्रक कसे वाचावे, हे कामगारांना शिकवण्यात आमची उमर गेली. आज वडगावकर श्रोत्यांपुढे निराळ्या कागदाविषयी, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीविषयी, बोलावयाचे आहे.

शिरोलीच्या कारखान्यात जाणारा एक कामगार युनियनच्या कचेरीत आला. मुलगा नऊ वर्षांचा; वर्गात बसवत नाही, हातचे काम पुरे होत नाही. डॉक्टरांच्या गोळीने गुण आला होता. पण गोळी महाग, म्हणून बाप ती निम्मी तोडून देऊ लागला. ती दिवसभर हळूहळू उतरणारी गोळी होती. अशी गोळी डॉक्टरांना न विचारता तोडली, तर औषध एकदम अंगात उतरण्याचा धोका असतो.

या विकारास एडीएचडी म्हणतात. तो वांडपणा नव्हे, आईबापांनी लावलेल्या वळणाचा दोषही नव्हे. मात्र प्रत्येक चंचल मुलाला तो असतो असेही नाही; निदान तज्ज्ञानेच करावे. सहा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत आधी पालकांनी त्याला कसे सांभाळावे हे शिकायचे, औषधाचा विचार मागाहून.

मुख्य औषध मिथाइलफेनिडेट. ते १९४४ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत तयार झाले. साधी गोळी ३-४ तास पुरते, लांब पल्ल्याची ८ ते १२ तास. दुसरे औषध ॲटोमॉक्सेटिन. त्याचा पुरता गुण यावयास ४ ते ६ आठवडे लागतात. आठ दिवसांत सोडले तर पैसे पाण्यात.

मग स्वस्त कोणते? पाकिटावरची किंमत पाहून हे कळत नाही. साधी गोळी कमी दामाची असली, तरी दुपारची मात्रा शाळेत द्यावयास कोणी नसेल, तर तिचा निम्मा लाभ बुडाला. म्हणून हिशेब महिन्याचा करावा. डॉक्टरांना सरळ विचारावे : साधी गोळी चालेल काय? हेच औषध दुसऱ्या कंपनीचे कमी दरात मिळेल काय? औषधे मूळ नावाने विकावीत, ही शिफारस हाथी समितीने १९७५ मध्येच केली होती. भूक, झोप, वजन, उंची, नाडी व रक्तदाब यांवर लक्ष ठेवावे, आणि मात्रा आपल्या मनाने बदलू नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत हा विकार धरला आहे. शाळेत पथक येईल तेव्हा मुलाची अडचण सांगावी. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालय आहे. ज्याच्या पगारातून राज्य विम्याची वर्गणी कापली जाते, त्याच्या मुलाच्या उपचाराचा हक्क त्या वर्गणीतच आहे.

आमचा तो कामगार पुन्हा डॉक्टरांकडे गेला आणि त्याने खर्चाची अडचण उघड सांगितली. डॉक्टरांनी साधी गोळी दिली. दुपारची मात्रा देण्याचे बाईंनी पत्करले. औषध आता महिनाभर पुरते. हे काम बापाने आपली अडचण बोलून दाखवल्याने झाले. दर विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता अर्धी गोळी देण्यात मात्र मुलाचे नुकसान आहे.