शिंगरू उभं राहिलं, तरच फी

अमेरिकेतल्या केंटकीत थरोब्रेड घोडी फळवण्याच्या अनेक करारांत एक अट असते: शिंगरू जन्मलं, स्वतःच्या पायांवर उभं राहिलं आणि आईला प्यायलं, तरच नराच्या मालकाला फी द्यायची. अट रास्तच आहे. घोडी सुमारे अकरा महिने गाभण असते आणि तेवढ्या काळात गर्भ टिकेलच असं नाही. जुळं तर फारच धोक्याचं. म्हणून पंधराव्या दिवसाच्या सुमारास सोनोग्राफी करतात आणि दोन गर्भ दिसले, तर पशुवैद्य त्यातला एक नष्ट करतात.

थरोब्रेडच्या नोंदणीला कृत्रिम रेतन चालत नाही, त्यामुळे घोडी नराकडे न्यावीच लागते. त्या मुक्कामात ती आजारी पडली तर उपचारांचा खर्च कोणाचा, शिंगरू दगावलं तर पुढच्या हंगामात पुन्हा फळवून मिळणार का, हेही लेखी हवंच.