चौसष्ट किलोबाइटची वेस

जुन्या घरगुती कॉम्प्युटरच्या पाठीमागे, प्लास्टिकच्या कवचात एक आडवी फट असते. आत डोकावलं की बोर्डाची कडा दिसते आणि तिच्यावर ओळीने बसलेल्या धातूच्या पट्ट्या. १९८०च्या दशकात मेमरी वाढवायची ती इथूनच. मशीन बंद करायचं, हाताच्या मुठीत मावेल एवढी डबी त्या कडेवर खोचायची आणि पुन्हा चालू करायचं. त्या डबीत सुरुवातीला कधी ८ किलोबाइट असत, कधी १६, कधी ३२. हा लेख युनिकोडमध्ये साठवला तर २० किलोबाइटांहून अधिक जागा घेईल. म्हणजे १६ किलोबाइटच्या मशीनमध्ये तो मावणारही नाही. त्या १६ किलोबाइटांत लोक खेळ लिहीत होते, हिशेब ठेवत होते, प्रोग्रॅमिंग शिकत होते.

मी हे मोहोपाड्यात बसून लिहितो आहे आणि या विषयाला हे गाव परकं नाही. मोहोपाडा म्हणजे रसायनी या कारखान्यांच्या परिसराची बाजारपेठ. १९६०मध्ये हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, पुढे पाताळगंगेच्या काठाने एकेक कारखाना येत गेला. अशा कारखान्यांत इन्स्ट्रुमेंटेशन खातं असतंच. रॅकमधलं कार्ड ओढून काढणं, त्याच्या कडेचे संपर्क पुसणं, परत नीट दाबून बसवणं, मग मल्टिमीटरने व्होल्टेज पाहणं हे तिथलं रोजचं काम. मेमरी कार्ट्रिज हाताळायला नेमकं हेच कसब लागतं. म्हणून इथल्या निवृत्त माणसांपुढे असं जुनं मशीन ठेवलं की त्यांना फार समजावून सांगावं लागत नाही. त्यांचा पहिला प्रश्न ‘पुरवठा किती व्होल्टचा?’ हाच असतो, आणि तो अगदी बरोबर असतो.

कार्ट्रिजची गोष्ट सांगताना सिंक्लेअर कंपनीच्या झेडएक्स ८१ पासून सुरुवात करावी लागते. मार्च १९८१मध्ये इंग्लंडात आलेल्या या मशीनमध्ये मेमरी होती फक्त १ किलोबाइट, म्हणजे १,०२४ बाइट. त्यातले १२५ बाइट मशीन स्वतःच्या कारभारासाठी ठेवून घेई. पडदा पूर्ण भरला तर तो एकटाच ७९३ बाइट खाई. उरलेल्या शंभरेक बाइटांत तुमचा प्रोग्रॅम! तरीही डेव्हिड हॉर्न यांनी या मशीनसाठी ६७२ बाइटांत बुद्धिबळ लिहिलं. त्यातला प्रत्येक बाइट कुठे वाचवला आहे हे पाहिलं की माझे हात आजही आपोआप जोडले जातात. सामान्य माणसाला मात्र १६ किलोबाइटचा रॅम पॅक घ्यावाच लागे. सुरुवातीला त्याची किंमत ४९.९५ पौंड होती आणि स्वतः जोडायचं झेडएक्स ८१ चं किटही ४९.९५ पौंडांनाच मिळे. मेमरी इतकी महाग होती.

हा रॅम पॅक बदनाम झाला तो डुलण्यामुळे. कडेवर तो नुसता टेकलेला असे, धरून ठेवणारं काही नसे. कळफलकावर बोट जरा जोरात पडलं की पॅक हले, क्षणभर संपर्क तुटे आणि तासभर टाइप केलेला प्रोग्रॅम नाहीसा होई. लोकांनी चिकट पट्ट्या लावल्या, चिकटवायच्या लगद्याचे गोळे दाबले, कुणी मशीन आणि पॅक एकाच लाकडी फळीवर स्क्रूने घट्ट बसवले. मला यात फळीचा उपाय सर्वांत पटतो, कारण तो दोष जिथे आहे तिथेच हात घालतो. दोष मेमरीत नव्हताच, तो सांध्यात होता.

जागा कमी पडते तर मोठी डबी लावा, इतकं हे सोपं का नव्हतं? त्या काळच्या मशीनमध्ये झेड ८० किंवा ६५०२ जातीचा प्रोसेसर असे. त्याला पत्ता सांगायच्या १६ तारा. सोळा तारांवर ६५,५३६ वेगवेगळे पत्ते बनतात, त्याच्यापुढे एकही नाही. ही ६४ किलोबाइट म्हणजे प्रोसेसरच्या गावाची वेस. वेशीच्या आतच रॉम, म्हणजे कायमची लिहून ठेवलेली मेमरी, बसवायचा, पडदा बसवायचा, प्रोग्रॅमही बसवायचा. वेशीबाहेर मेमरीचा डोंगर उभा केला तरी प्रोसेसरला तो दिसत नाही. मेमरी वाढवणाऱ्या कार्ट्रिजांचा इतिहास म्हणजे बाहेरच्या जागेला थोडा वेळ आत घ्यायच्या युक्त्यांचा इतिहास आहे. डबीवर छापलेल्या किलोबाइटच्या आकड्यापेक्षा आत कोणती युक्ती वापरली आहे, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

साधी युक्ती आधी. कमोडोर व्हिक २० मध्ये मुळात ५ किलोबाइट असत, बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेला त्यातले ३,५८३ बाइट मिळत. वेशीच्या आत रिकामे प्लॉट बरेच होते, त्यामुळे ३, ८ किंवा १६ किलोबाइटचं कार्ट्रिज थेट तिथे बसे. पण ८ किंवा त्याहून अधिक लावलं की मशीन पडदा एका जागेवरून दुसरीकडे नेई. पडद्याचा पत्ता प्रोग्रॅममध्ये पक्का लिहिलेला असेल तर तो प्रोग्रॅम मेमरी वाढल्यावर चालेनासा होई. जागा वाढली की सगळं सुधारतं, हा समज तिथेच मोडतो.

कमोडोर ६४ ने मात्र वेस आतून पूर्ण भरली होती. म्हणून त्याच्या विस्तारांनी वेगळा रस्ता धरला. १९८५-८६च्या सुमारास कमोडोरने १७००, १७६४ आणि १७५० ही तीन कार्ट्रिजं काढली, अनुक्रमे १२८, २५६ आणि ५१२ किलोबाइटची. त्यांत एक स्वतंत्र नियंत्रक चिप असे. प्रोसेसर तिला सांगे, ‘इथून तिथे इतके बाइट हलव’, आणि स्वतः बाजूला होई. प्रोसेसरने स्वतः एक बाइट उचलून दुसरीकडे ठेवायचा तर घड्याळाचे दहा-बारा ठोके जात. ही चिप प्रत्येक ठोक्याला एक बाइट हलवी. मशीनचं घड्याळ सेकंदाला सुमारे दहा लाख ठोक्यांचं, म्हणजे एका सेकंदात दहा लाख बाइट. कमोडोरच्या मंद फ्लॉपीपुढे हा वेग अफाट होता. जिऑस या चित्रमय प्रणालीने याच कार्ट्रिजला वेगवान डिस्क बनवलं.

या कार्ट्रिजांची सुधारणा हा एक देखणा उद्योग होता. १७०० मध्ये ४१६४ जातीच्या १६ चिप असत. त्या काढून त्या जागी ४१२५६ बसवल्या आणि बोर्डावरचा एक जोड बदलला की १२८ चे ५१२ किलोबाइट होत. १७६४ मध्ये तर आठ चिपांच्या जागा रिकाम्याच सोडलेल्या असत. कंपनीने अर्धवट ठेवलेलं काम सोल्डरिंगने पुरं करायचं. ज्यानं हे स्वतःच्या हाताने केलं, त्याला ५१२ किलोबाइट म्हणजे नेमकं काय ते जन्मभर कळलं.

भारतात, आणि विशेषतः मराठी घरांत, ज्या मशीनची आठवण निघते ते मात्र सिंक्लेअरचं झेडएक्स स्पेक्ट्रम. एप्रिल १९८२मध्ये ते १६ आणि ४८ किलोबाइट अशा दोन रूपांत आलं. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीने परवाना घेऊन त्याचीच पुढची आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने इथे विकली. सोळा किलोबाइटच्या स्पेक्ट्रममध्ये ६,९१२ बाइट पडद्यालाच लागत. बेसिकला उरत सुमारे ९ हजार बाइट. ४८ च्या मशीनमध्ये तोच आकडा ४१ हजारांवर जाई. हा फरक इतका मोठा होता की १६ चं मशीन घेतलेला माणूस आज ना उद्या विस्ताराकडे वळेच. मागे ३२ किलोबाइटचा पॅक खोचा, नाही तर मशीन उघडून आत चिप बसवा.

आत बसवायच्या त्या चिपांची कहाणी मला या सगळ्या विषयात सर्वांत आवडते. सिंक्लेअरला ३२ किलोबाइटसाठी आठ चिप हव्या होत्या. बाजारात ६४ किलोबिटच्या चिप येऊ लागल्या होत्या, पण महाग. त्यांतल्या ज्यांचा एक अर्धा भाग निर्मितीत बिघडलेला निघे, त्या स्वस्तात मिळत. सिंक्लेअरने त्याच घेतल्या आणि चांगला अर्धा भाग तेवढा वापरला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ४५३२ आणि ओकीची ३७३२ त्याच जातीच्या. कोणता अर्धा चांगला आहे ते चिपच्या क्रमांकाच्या शेपटावरून कळे आणि त्याप्रमाणे बोर्डावर एक तार जोडावी लागे. आठही चिप एकाच बाजूने चांगल्या हव्यात, नाही तर मशीन चालणार नाही. आज कुणी विस्तार करतो तेव्हा सरळ पूर्ण ४१६४ वापरतो. अर्धी जागा वाया जाते, किंवा एक स्विच लावून तीही कामाला लावता येते. तसं करून लोकांनी ८० किलोबाइटचे स्पेक्ट्रम बनवले आहेत.

शाळांत दुसरंच मशीन आलं. १९८४-८५मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ हा शालेय संगणक साक्षरता प्रकल्प सुमारे २५० शाळांपासून सुरू केला आणि त्यासाठी एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो निवडला. पुढे मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सने तो ‘युनिकॉर्न’ या नावाने भारतातही बनवला. मशीन भक्कम होतं, पण मेमरी ३२ किलोबाइट. सर्वांत बारीक चित्राचा पडदा उघडला की २० किलोबाइट तिथेच जात आणि फ्लॉपीची प्रणाली जोडलेली असेल तर प्रोग्रॅमसाठी उरत जेमतेम ५,८८८ बाइट. त्यावर उपाय म्हणजे सावलीची मेमरी. वेशीबाहेर २० किलोबाइटची वेगळी जागा ठेवायची, पडदा तिथे हलवायचा आणि आतली सगळी जागा प्रोग्रॅमला मोकळी करायची. दुसरी सोय आडव्या रॉमची होती. वेशीच्या आत १६ किलोबाइटची एकच खिडकी, तिच्यात आळीपाळीने १६ वेगवेगळे रॉम किंवा रॅम आणून दाखवायचे. ही रचना मला त्या काळातली सर्वांत शहाणी रचना वाटते. हे मशीन वाढणार, हे गृहीत धरूनच एकॉर्नने ते घडवलं होतं.

मराठी वाचकाला या जागेच्या टंचाईचा एक खास चटका आहे. स्पेक्ट्रमवर स्वतःची २१ अक्षरं काढता येत, प्रत्येकी आठ बाइटांत, आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत. इंग्रजीला ती चौकट पुरते. वर रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर असलेल्या देवनागरीला ती कशी पुरणार? देवनागरीला मोठी चौकट हवी, अधिक आकार हवेत, म्हणजेच मेमरी हवी. हा प्रश्न नीट सुटला तो पीसीवर, आणि तोही खोचायच्या कार्डानेच. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं, भारतीय लिपींसाठीच्या जिस्ट तंत्रज्ञानाचं काम १९८८नंतर पुण्याच्या सीडॅकमध्ये वाढलं. जिस्ट कार्ड मशीनमध्ये बसवलं की लिपी सांभाळायचं काम ते कार्ड स्वतःकडे घेई. आपली भाषा कॉम्प्युटरच्या पडद्यावर नीट उमटली ती अशा एका जादा कार्डामुळे, याचा मला अभिमान आहे.

आता आजच्या कामाकडे. मोहोपाड्यात जून ते सप्टेंबर हवा ओली असते आणि जुन्या मशीनचा पहिला शत्रू तीच आहे. कडेचे संपर्क काळवंडतात. ते आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापडाने पुसावेत. सँडपेपर लावू नये, मुलामा निघून जातो. कमोडोरच्याच अमिगा ५०० या मशीनच्या ए५०१ मेमरी कार्डावर घड्याळासाठी छोटी निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती गळते आणि बोर्डाच्या तारा खाते. असं कार्ड हाती आलं की चाचणीच्या आधी बॅटरी कापून काढावी. गळलेल्या जागी पांढऱ्या व्हिनेगरचा थेंब लावावा, मग ती अल्कोहोलने पुसावी. कमोडोर ६४ चा मूळ पुरवठा तर लावूच नये. तो बिघडतो तेव्हा ५ व्होल्टची वाट वर चढते आणि सगळ्यात आधी मेमरीच्या चिप जळतात. जास्तीची मेमरी जास्तीची वीज मागते. १७६४ सोबत कमोडोर मोठा पुरवठा देत असे, तो उगाच नाही.

स्पेक्ट्रमची खरी भीती मागच्या कडेची आहे. तिथे ५, ९, १२ आणि उणे ५ असे व्होल्टेज शेजारी शेजारी असतात. चालू मशीनमध्ये पॅक खोचला किंवा ओढला, किंवा तो जरा तिरका बसला, की आतला एक छोटा ट्रान्झिस्टर जातो. त्यापाठोपाठ खालच्या १६ किलोबाइटच्या ४११६ चिप जातात. या चिपांना तीन व्होल्टेज लागतात. उणे ५ नाहीसं झालं आणि १२ तसंच राहिलं तर त्या तग धरत नाहीत. म्हणून मी आधी व्होल्टेज मोजतो, मगच नवी चिप सॉकेटमध्ये टाकतो. चिप मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत शोधाव्या लागतात, नाही तर ऑनलाइन मागवाव्या लागतात. त्यांत नवा छाप मारलेल्या जुन्या चिपही असतात, म्हणून दोन-चार जास्त घेतलेल्या बऱ्या.

कमोडोरसाठी १६ मेगाबाइटपर्यंतची मेमरी उभी करणारी नवी कार्ट्रिजं आज मिळतात. ती मला मनापासून आवडतात, फक्त मूळ बोर्डाला कात्री लावू नये एवढीच माझी अट. परत काढता येईल असाच विस्तार करावा. काढलेल्या जुन्या चिप नाव आणि तारीख लिहून त्याच मशीनसोबत ठेवाव्यात.

स्पेक्ट्रमचा विस्तार नीट झाला की नाही, हे मशीनच सांगतं. चालू होताना ते प्रत्येक बाइटात २ हा आकडा लिहितं आणि मग खालून वर वाचत जातं. पडद्यावर क्षणभर लाल उभ्या रेषा चमकतात त्या याच. जिथे वाचलेलं लिहिल्याशी जुळत नाही तिथे ते थांबतं आणि त्याच्या अलीकडचा शेवटचा चांगला पत्ता २३७३२ आणि २३७३३ या दोन बाइटांत नोंदवतं. दुसऱ्या बाइटाला २५६ ने गुणून त्यात पहिला मिळवायचा. उत्तर ६५,५३५ आलं तर ४८ किलोबाइट पूर्ण आहेत. ३२,७६७ आलं तर वरच्या आठ चिप मशीनला दिसतच नाहीत, तेव्हा चिपांचा चांगला अर्धा भाग निवडणारी बोर्डावरची तार आधी तपासावी. आणि मधलाच एखादा आकडा आला तर त्याच्या पुढच्या बाइटात आपण काही लिहून परत वाचायचं. जो बिट चुकीचा येतो, त्या बिटाची चिप बदलायची.